एक दहिसरला, एक मीरा रोडला

गेल्या श्रावणात आमच्या मजल्यावर जुळ्या मुली आल्या. दहिसर पूर्वेची जुनी इमारत, एक खोली आणि स्वयंपाकघर एवढाच संसार. दोन पाळणे मावेनात, म्हणून आजीने छताच्या कडीला जुनी नऊवारी बांधून एकच झोळी केली आणि दोघींना तिच्यात पायाला पाय लावून निजवू लागली. मध्येच एकीला ताप आला आणि चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी राहिलेली दुसरी त्या चार रात्री किरकिरत होती. दूध प्यायची, डोळा लागायचा, पण लगेच दचकून उठायची आणि झोळीच्या रिकाम्या बाजूला हात न्यायची. पाचव्या दिवशी बहीण परत आली. आजीने दोघींना शेजारी निजवलं. हिने तिच्या झबल्याचा बंद मुठीत धरला, आणि दुपारी दोनला झोपलेली पोर संध्याकाळी नळाला पाणी आलं तेव्हा कुठे उठली.

शेजारणी म्हणाल्या, रक्ताची ओढ. मला मात्र या घराने एक थोर संधी वाया घालवल्यासारखं वाटलं. कारण जुळ्यांच्या या ओढीचं काय करावं, याचा निर्णय १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या अत्यंत जाणत्या माणसांनी घेऊन ठेवलेला आहे. आपण तो आजवर अमलात आणला नाही, हे आपलं मागासलेपण.

न्यूयॉर्कमध्ये लुईस वाइज सर्व्हिसेस नावाची दत्तक संस्था होती. प्रतिष्ठित संस्था, ज्यू कुटुंबांचा तिच्यावर मोठा विश्वास. तिच्या मानसोपचार सल्लागार डॉ. व्हायोला बर्नार्ड. त्यांचं म्हणणं असं, की जुळी मुलं एकाच घरात वाढली की आईची माया वाटली जाते, मुलांमध्ये चढाओढ लागते आणि प्रत्येकाला स्वतःचं असं व्यक्तिमत्त्व उरत नाही. तेव्हा दोन मुलं दोन घरी द्यावीत, म्हणजे प्रत्येकाला अख्खी आई मिळते. या विचाराचा साधेपणा पाहा. दोन बाळांनी आई दमते, हे आपल्याकडेही सगळ्यांना माहीत आहे. आपण त्यावर उपाय म्हणून बाळंतिणीची आई बोलावतो, मालिशवाली लावतो, नणंद आठवडाभर येऊन राहते. हे सगळे खर्चाचे आणि मानापमानाचे उपाय. बहीणच कमी करून टाकली की प्रश्न मुळातून सुटतो, हे आपल्या एकाही आजीला सुचलं नाही.

पण चांगल्या कल्पनेला चांगला शास्त्रज्ञ भेटावा लागतो. तो डॉ. पीटर न्यूबाउअर यांच्या रूपाने भेटला. ऑस्ट्रियात जन्मलेले, नाझींच्या तडाख्यातून सुटून अमेरिकेत आलेले, बालमनाचे नामांकित विश्लेषक, न्यूयॉर्कच्या चाइल्ड डेव्हलपमेंट सेंटरचे प्रमुख. मुलं वेगळी होणारच आहेत, तर त्यांचा अभ्यास का करू नये? रक्त बलवान की संगोपन, हा माणसाचा जुना प्रश्न यातून सुटेल. एकाच रक्ताची दोन मुलं दोन घरांत वाढताना पहिल्या दिवसापासून पाहायला मिळणं ही कोणत्याही अभ्यासकाला मोहात पाडणारी गोष्ट आहे. तसा मोह अनेकांना झाला असेल, पण डॉक्टरांनी तो पुरा केला. किमान पाच जुळ्या जोड्या आणि एक तिळं, म्हणजे तेरा मुलं या अभ्यासात घेतली गेली.

यातली खरी कामगिरी गुप्ततेची. दत्तक घेणाऱ्या आईवडिलांना सांगितलं गेलं, की संस्थेची मुलं कशी वाढतात याची एक नेहमीची पाहणी चालू आहे, तुमचं बाळ तिच्यात आहे, पुढेही राहिलं तर बरं. आईवडिलांनी हो म्हटलं. मूल मिळण्याची वाट पाहून थकलेला माणूस कशालाही हो म्हणतो. दवाखान्यात आपण तरी कुठे फॉर्म वाचून सही करतो? मग वर्षानुवर्षं अभ्यासक घरी येत राहिले. कॅमेरा, ठोकळे, चित्रं, चाचण्या. मूल सायकल चालवतंय त्याचं चित्रण, मूल चिडलं त्याची नोंद. आणि तीच माणसं आठवड्यातल्या दुसऱ्या एखाद्या दिवशी दुसऱ्या घरी जात, त्याच चेहऱ्याच्या मुलापुढे तेच ठोकळे मांडत, आणि चहा पिऊन काही न बोलता परत येत. आपल्या सोसायटीत कोणाकडे पाहुणे आले ही बातमी जिन्यातच फुटते. इतकी वर्षं, इतक्या माणसांनी, इतक्या मुलांच्या तोंडाकडे बघत एक शब्द बाहेर न काढणं याला शिस्त लागते.

संमतीचा प्रश्न काहीजण उगाच काढतात. १९४७ साली न्यूरेंबर्गच्या खटल्यातून जी संहिता निघाली, तिचं पहिलंच कलम असं, की माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वेच्छेने दिलेली संमती हवी. ते कलम छळछावण्यांतल्या डॉक्टरांमुळे लिहावं लागलं. आउश्वित्झमध्ये जुळ्या मुलांवर जे झालं ते जगाला तोवर कळलं होतं. त्या छावण्यांतून वाचलेल्या समाजाची दत्तक दिलेली बाळं, त्याच छळातून निसटलेला डॉक्टर, आणि संहितेला उणीपुरी चौदा वर्षं. पण कायदा दुष्टांसाठी असतो, आणि न्यूयॉर्कची ही मंडळी दुष्ट मुळीच नव्हती. ती सुसंस्कृत होती आणि त्यांचा हेतू चांगला होता. हेतू चांगला असला की विचारण्याची गरज उरत नाही, हे आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांनाही पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

तिळ्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. १२ जुलै १९६१ रोजी तीन मुलगे जन्मले. सहा महिने तिघं एकत्र होते. मग एक गेला दुकानदाराच्या घरी, एक शिक्षकाच्या, एक डॉक्टरच्या. तिन्ही घरं एकमेकांपासून शंभर मैलांच्या आत, आणि तिन्ही घरांत याच संस्थेतून आधी दत्तक घेतलेली एकेक मोठी बहीण. इतकं नेमकं जुळवायला किती कष्ट पडले असतील! पुढे आयांनी सांगितलं, की बाळ घरी आल्यावर पाळण्याच्या गजांवर डोकं आपटून घ्यायचं. का, ते तेव्हा कोणालाच कळेना. ज्यांना कळत होतं ते दर भेटीत वही घेऊन समोर बसलेले होते.

एकोणीस वर्षांनी, १९८० मध्ये, या तिघांपैकी रॉबर्ट शॅफ्रन कॉलेजात पहिल्या दिवशी गेला तर अनोळखी मुलं धावत येऊन त्याला मिठ्या मारू लागली, ‘एडी, आलास!’ म्हणू लागली. एडी गॅलँडच्या एका मित्राने त्याला जन्मतारीख विचारली, दत्तक आहेस का विचारलं, आणि दोघं त्याच रात्री गाडी काढून एडीच्या घरी गेले. दार उघडलं तेव्हा रॉबर्टसमोर रॉबर्टच उभा होता. वर्तमानपत्रात दोघांचा फोटो छापून आला तेव्हा तिसऱ्या घरात डेव्हिड केलमनने स्वतःचा चेहरा दोनदा पाहिला. तिघांचे आईवडील मिळून संस्थेत गेले. तीन मुलं एका घरी देणं अवघड असतं, असं उत्तर मिळालं. डेव्हिडचे वडील, ते दुकानदार, म्हणाले, की आम्ही तिघांनाही घेतलं असतं. बैठकीनंतर रॉबर्टचे वडील विसरलेली छत्री आणायला परत वर गेले, तेव्हा संस्थेची मंडळी शॅम्पेन उघडताना त्यांना दिसली, अशी हकीकत त्या घराने पुढे सांगितली. एक मोठं काम निभावल्याचा आनंद माणसाने साजरा करू नये असं कोण म्हणेल?

तिघांनी पुढे न्यूयॉर्कमध्ये ‘ट्रिप्लेट्स’ नावाचं रेस्टॉरंट चालवलं. तिघंही किशोरवयात मानसिक आजारातून गेले होते. १९९५ मध्ये एडीने आत्महत्या केली. त्याच वर्षी लॉरेन्स राइट या पत्रकाराने ‘न्यूयॉर्कर’मध्ये लिहिल्यावर या अभ्यासाची गोष्ट जगापुढे आली. १९६८ साली जन्मलेल्या पॉला बर्नस्टाइन आणि एलिस शाइन या आणखी दोघी जुळ्या बहिणी पस्तिशीत एकमेकींना भेटल्या आणि डॉ. न्यूबाउअर यांना जाऊन भेटल्या. डॉक्टरांनी माफी मागितली नाही. खंत व्यक्त केली असती तर ती पस्तीस वर्षांच्या गुप्ततेशी विसंगत ठरली असती, आणि डॉक्टर अखेरपर्यंत, २००८ साली वारले तोवर, विसंगत वागले नाहीत.

या विषयात दुसऱ्या वाटेने गेलेल्यांचीही दखल घ्यायला हवी. इंग्लंडमध्ये सर सिरिल बर्ट यांनी वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकरूप जुळ्यांच्या बुद्धीचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९५५ मध्ये २१ जोड्या, १९५८ मध्ये तिसाहून अधिक, १९६६ मध्ये ५३. जोड्या वाढत गेल्या, पण सहसंबंधाचा आकडा तिन्ही वेळा ०.७७१ असा तिसऱ्या दशांशापर्यंत जागचा हलला नाही. १९७४ मध्ये लिओन कामिन यांनी यावर बोट ठेवलं. १९७६ मध्ये ‘संडे टाइम्स’चे ऑलिव्हर गिली बर्ट यांच्या दोन सहायक स्त्रियांना शोधायला निघाले, तर त्यांचा माग लागेना. बर्ट यांचे चरित्रकार लेस्ली हर्नशॉ यांनीही १९७९ मध्ये आकडे बनावट असल्याचा निष्कर्ष काढला. काही अभ्यासक अजूनही बर्ट यांची बाजू घेतात. मी त्या वादात शिरत नाही. एवढंच म्हणतो, की बर्ट यांच्या पद्धतीत एक दया आहे. टीकाकार खरे असतील, तर बर्ट यांनी एकाही बाळाला बहिणीपासून तोडलं नाही. न्यूयॉर्कच्या पद्धतीपेक्षा ही पद्धत मुलांना कितीतरी सुखाची.

आणि मिनेसोटा. १९७९ मध्ये ओहायोतले दोन जिम, जिम लुईस आणि जिम स्प्रिंगर, एकोणचाळिसाव्या वर्षी एकमेकांना भेटले. दोघांच्या पहिल्या बायकोचं नाव लिंडा, दुसरीचं बेटी, लहानपणीच्या कुत्र्याचं नाव टॉय. मिनेसोटा विद्यापीठातल्या थॉमस बुशार्ड यांनी त्यांना बोलावलं आणि पुढच्या वीस वर्षांत अशी शंभराहून अधिक जुळी तपासली. १९९० च्या त्यांच्या निबंधात बुद्ध्यंकातल्या फरकांपैकी सुमारे ७० टक्के भाग आनुवंशिकतेशी जोडला आहे. जगभर त्यावर चर्चा झाली आणि अजून होते. या अभ्यासात शिस्तीची उणीव मात्र ठळक आहे. मुलं आधीच इतर कारणांनी दुरावलेली होती, अभ्यासकांनी कोणालाही तोडलं नाही. माणसं मोठी झाल्यावर स्वतःहून आली, त्यांना काय करणार ते सांगितलं गेलं, आणि जे सापडलं ते छापलं गेलं.

आता दहिसरकडे वळू. आपल्या गावासारखी जागा या शास्त्राला शोधून सापडणार नाही. न्यूयॉर्कला शंभर मैल लागले. आपल्याला चेकनाका पुरेल. समजा, आमच्या मजल्यावरची एक मुलगी इथेच ठेवली आणि दुसरी नाक्यापलीकडे मीरा रोडला दिली. रिक्षाने पंधरा मिनिटं, पण जिल्हा बदलला, महापालिका बदलली, पाणी बदललं. एकीला बृहन्मुंबईचं तानसा-वैतरणेचं, दुसरीला मीरा-भाईंदरचं. एकीची शाळा मराठी ठेवता येईल, दुसरीची इंग्रजी. एकीचे वडील बँकेत, दुसरीच्या वडिलांचं भाजीचं दुकान. महिन्यातून एकदा ओळखपत्र लावलेली ताई येईल, उंची मोजेल, चित्र काढायला सांगेल, आणि पुढची विरार गाडी पकडून दुसरीची उंची मोजायला जाईल. दोन्ही आया तिला पोहे देतील.

फक्त एक अडचण दिसते. मुली मोठ्या होतील, कॉलेजला किंवा नोकरीला लागतील, आणि आठ-सदतीसची चर्चगेट पकडतील. मीरा रोडची बायकांच्या डब्यात आधी चढेल, दाराशी खांबाला धरून उभी राहील. दहिसरला गर्दी आत घुसेल, आणि त्या गर्दीत दुसरी असेल. तिच्या हातात डबा असेल, केस अजून ओले असतील, आणि धावत आल्यामुळे धाप लागलेली असेल. कोणीतरी म्हणेल, ‘अगं, तू तर मीरा रोडला चढलीस ना?’ मग डब्यातल्या बायका गप्प होतील. बोरिवलीपर्यंत दोघी एकमेकींकडे बघत राहतील. एकीच्या डाव्या भुवईत जी रेघ आहे ती दुसरीच्याही असेल. आणि वीस वर्षं रात्री अपरात्री झोपेत हात कुठे जात होता, हे दोघींना एकदमच कळेल. त्या क्षणाची नोंद घ्यायला तेव्हा वहीवाली ताई डब्यात नसेल, हे शास्त्राचं नुकसान.

गुपित राखण्याची परंपरा आपल्यालाही नवी नाही. कुंतीने पहिला मुलगा पाण्यात सोडला आणि तो राधेय म्हणून वाढला. पण कुंतीचा धीर कमी पडला. युद्धाच्या तोंडावर ती कर्णाकडे गेली आणि सांगून बसली. बाकीच्या मुलांना तिने सांगितलं ते तो मेल्यावर, आणि युधिष्ठिराने त्यावर समस्त स्त्रियांच्या पोटात गुपित न राहण्याचा शाप दिला. ज्याचा भाऊ गेला त्याचा संताप नीट समजतो. शाप कोणाला द्यावा, एवढंच त्याचं चुकलं. बडोद्याच्या जमनाबाईंनी तर परंपराच मोडली. १८७५ मध्ये त्यांनी कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेऊन सयाजीराव केलं, पण सयाजीरावांचे भाऊ आनंदराव आणि संपतराव बडोद्यातच राहिले. राजाला भाऊ असले तरी राजा घडतो, हे बडोद्याने पाहिलं. न्यूयॉर्कला ते कोणी कळवलं नाही.

कागद कुलुपात ठेवण्याच्या बाबतीत आपण त्या मानाने प्रगत आहोत. पुण्यात जन्मून जर्मनीत वाढलेल्या एका दत्तक मुलाला जन्मदात्या आईविषयीची माहिती मिळावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि त्यात वर्षानुवर्षं गेली. आता निदान नियमात वाट आहे. दत्तक मूल अठरा वर्षांचं झालं की आपल्या मुळाचा शोध घेण्यासाठी स्वतः अर्ज करू शकतं, त्याआधी आईवडिलांबरोबर. नोंदणी करताना एकच मूल हवं की भावंडं, हेही पालकांना सांगता येतं. ज्यांच्या घरात दत्तक मूल आहे, किंवा ज्यांनी यादीत नाव घातलं आहे, त्यांना मी हात जोडून सांगतो: संस्थेने दिलेला प्रत्येक कागद जपा. मुलाला भावंडं होती का, हे पहिल्याच भेटीत विचारा. उत्तर लेखी मागा. मुलाला ते कळेल अशा वयात सांगा, कोणी गाडीत सांगण्याआधी.

न्यूबाउअर यांचा अभ्यास पूर्ण स्वरूपात कधीच प्रसिद्ध झाला नाही. रक्त बलवान की संगोपन, याचं जे उत्तर तेरा मुलांच्या बालपणातून निघालं असेल ते येल विद्यापीठाच्या संग्रहात खोक्यांमध्ये आहे. २०१८ मध्ये तिळ्यांवरचा माहितीपट आला, त्या सुमारास उरलेल्या दोघा भावांना दहा हजारांहून अधिक पानं मिळाली. त्यातला पुष्कळ मजकूर काळा केलेला होता. बाकीची खोकी २०६५ पर्यंत बंद आहेत. १२ जुलै १९६१ ला जन्मलेलं मूल त्या वर्षी एकशेचार वर्षांचं होईल.